रेजिनचा घास

पुनवेच्या उधाणाने बांधाला खांड पाडली ती नेमकी भात निसवायच्या दिवसांत. सकाळी दुमिंग शेतावर गेला तर खाडीचं पाणी गुडघाभर आत शिरलेलं. लोंब्या नुकत्याच पोटऱ्यांतून बाहेर आलेल्या, त्यांच्या गळ्यापर्यंत गढूळ खारं पाणी, आणि वर एक मेलेला खेकडा तरंगतोय. दुमिंगने लुंगीचा काचा मारला, फावडं घेतलं आणि खांडीत उतरला.

मुलुंडच्या पूर्वेला रूळ ओलांडून मिठागरांच्या कडेने खाली गेलं की ख्रिस्ती लोकांची ही जुनी पाखाडी लागे. एके काळी इथल्या घराघराचं भात खाडीच्या कडेला होतं. उधाणाने बांध फुटला की देवळाची घंटा वाजायची आणि सगळी पाखाडी फावडी घेऊन धावायची. बाया घमेल्यांनी चिखल वाहायच्या, पुरुष तिवराच्या फांद्या रोवून त्यात तो ठासायचे. दुपारपर्यंत पाणी बाहेर. आता पोरं विक्रोळीच्या कारखान्यांत पाळ्या करत होती, कुणी कुर्ल्याला वर्कशॉपमध्ये होता. जमिनी एकेक करत विकल्या गेल्या. भात उरलं होतं ते एकट्या दुमिंगचं, आणि घंटा कुणासाठी वाजवायची?

त्याने तिवराच्या फांद्या रोवल्या, चिखल उचलून लावला. ओहोटी होती तोवर लागला. पाणी फिरलं तसा सगळा विरघळून वाहून गेला. त्याने पुन्हा लावला. पायांना शिंपल्यांनी चिरा पडल्या होत्या आणि त्यांत मीठ झोंबत होतं.

बांधावरून वनमाला चालली होती. कोळीवाड्यातली बाई, दुमिंगच्या घराच्या मागल्या अंगाला राहायची. टोपलीत खाडीच्या चिखलातली मासळी, निवट्या, वळवळत होत्या. ती थांबली.

"एकट्याने काय होणार रे दुमिंग? भावाला बोलव."

"तू तुझ्या वाटेने जा."

"मी जाते. पण पाणी नाय जायचं." टोपली सावरत तिने विचारलं, "तुझ्या रेजिनने काय घेतलं का सकाळी?"

दुमिंगने नाही अशी मान हलवली.  पाय उचलून ती पाखाडीकडे निघाली, कोळणीची चाल न चालता, पळाल्यासारखी.

भाऊ म्हणजे इनास, थोरला. दोघांची शेतं एकाला एक लागून आणि बांध एकच. गेल्या वर्षी इनासने आपला तुकडा बिल्डरला दिला. भराव घालायला ट्रक आले ते थेट बांधावरून, आणि चाकांनी बांधाची कंबर मोडली. दुमिंग आडवा गेला. शब्दाला शब्द वाढला, आईबापापर्यंत गेला, आणि दुमिंगच्या हातातलं फावडं उठलं. इनासने उजवा हात वर केला म्हणून डोकं वाचलं. हाताच्या शिरा तुटल्या. तेव्हापासून त्याची बोटं मिटत नव्हती.

पोलिसात इनास गेला नाही. पण त्या दिवसापासून दोन्ही घरांत बोलणं बंद. दुमिंग कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, गेला तेव्हा फादर आंतोनने जाळीपलीकडून एवढंच म्हटलं, "आधी भावाशी समेट कर, मग ये." दुमिंग तसाच उठून बाहेर आला. रविवारी मिस्साला, देवळातल्या उपासनेला, जायचा, पण दाराशी उभा राहायचा. लोक कम्युनियनची भाकर घ्यायला रांगेने पुढे गेले की तो बाहेर जाऊन बिडी पेटवायचा.

रेजिन, त्याची बायको, त्या रांगेत नेहमी पहिली असायची. लग्न होऊन आली तेव्हापासून पहाटेची मिस्सा तिने चुकवली नव्हती. वेदीची वस्त्रं तीच धुवायची. खळ घालून, चुण्या काढून, डोक्यावरून न्यायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. मग घशात गाठ आली. परळच्या मोठ्या इस्पितळात शेक दिला, मान काळी पडली, दात हलले, आणि शेवटी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. आधी भात गेला, मग पेज, मग गाळलेली पेज. आता वनमाला कापसाचा बोळा पाण्यात भिजवून तिच्या ओठांवर धरायची आणि तेवढंसुद्धा बऱ्याचदा ओघळून उशीवर यायचं.

दुमिंग घरी आला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली होती. आडवी झाली की गुदमरायची. तिने हाताने जवळ बोलावलं. आवाज असा उरलाच नव्हता. सुक्या पानावर पाय पडावा तसं काहीतरी निघायचं.

"बिशप आलाय."

"कळलं मला."

"आठवडाभर राहणार इथेच. फादर आलेले सांगायला." ती थांबली, श्वास घेतला. "आजाऱ्यांच्या घरी येणार. कम्युनियन द्यायला."

"तुला गिळता कुठे येतंय?"

"येतं." ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "फादरला सांगितलं मी, येतं म्हणून."

वनमाला कोपऱ्यात भांडी घासत होती. तिचा हात थांबला. 

"आपून दोघं घेऊ," रेजिन म्हणाली. "एका वेळी. तू माझ्या बाजूला बस."

"माझं सोड गो."

"कसं सोडू? मी चालले." तिने त्याच्या चिखलाने भरलेल्या मनगटावर हात ठेवला. हात कसला, नुसती काटकी. "तू मागे राहशील असाच दाराबाहेर, बिडी ओढत."

दुमिंग उठून विहिरीवर पाय धुवायला गेला. बराच वेळ धूत राहिला.

बिशप का आला होता ते पाखाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. देवळं ओस पडू लागली होती. रविवारी सकाळी टीव्हीवर काही चांगलं असलं की बाकं रिकामी. कम्युनियन घेणारे घ्यायचे ते प्रसादाचा पेढा घ्यावा तसं, आणि तोंड पुसत घरी जायचे. म्हणून हा बिशप एकेका धर्मग्रामात आठवडाभर मुक्काम ठोकायचा, वेदीवर पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच कम्युनियनची भाकर, मांडून ठेवायचा आणि दिवसभर आराधना करायला लोकांना बोलवायचा. आठवड्याच्या शेवटी आगेरा होता, नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद द्यायचा सण. म्हातारे खूश होते. बाकीचे म्हणत, कामधंदा सोडून देवळात कोण बसणार?

दुसऱ्या दिवशी ओहोटीला दुमिंग खांडीत उभा होता तेव्हा बांधावरून फादर आंतोन आणि त्यांच्या मागे एक म्हातारा येताना दिसला. पांढरा झगा दोन्ही हातांनी वर धरलेला, पाय बारीक आणि गोरे. फादर ओरडले, "दुमिंग, बिशपसाहेब आलेत!" आणि तेवढ्यात बिशपचा पाय घोट्याच्या वर चिखलात रुतला. पाय आला, चप्पल आत राहिली. दुमिंगने पुढे होऊन कोपरापर्यंत हात घातला, चप्पल ओढून काढली आणि खाडीच्या पाण्यात खळबळून समोर ठेवली. बिशपच्या अंगठीचं चुंबन घ्यायची रीत होती, पण त्याने आपल्या हातांकडे पाहिलं आणि ते मागे घेतले.

"आपले आभारी आहोत," बिशप म्हणाला. घरची भाषा कोंकणी, मराठी पुस्तकातून शिकलेला. एकेक शब्द तोलून टाकायचा. "आगेऱ्यासाठी लोंब्या आपल्या शेतातून मिळतील, असे फादर म्हणाले."

दुमिंगने एक लोंबी तोडली, अंगठ्याने दाणा चेपला. टरफल उघडलं, आत काही नव्हतं. दुसरा चेपला, तिसरा. "निसवताना खारं पाणी शिरलं की दाणा धरत नाय. सगळी पळींज होणार, नुसतं टरफल. ही देवळात न्यायची असेल तर न्या."

फादर आंतोन चुळबुळले. बिशपने ती लोंबी हातात घेऊन निरखून पाहिली. "वाईट झाले," तो म्हणाला. दुसरं काही म्हणाला नाही, याचं दुमिंगला बरं वाटलं. म्हणूनच की काय, तो बोलून गेला.

"माझी बायको मरायला टेकलीय. तिला तुमच्या हातचा कम्युनियन पाहिजे."

"उद्या सकाळी येतो. आणि आपण?"

"मी घेत नाय."

"का बरे?"

"भावाला मारलं. हात निकामी केला त्याचा."

"त्यांच्याकडे गेला होतात?"

"बांध तोडताना तो आला होता का माझ्याकडे?"

बिशपने खांडीतल्या पाण्याकडे पाहिलं. मग झगा उचलून परत फिरला. चार पावलांवर त्याची चप्पल पुन्हा रुतली. या वेळी त्याने ती स्वतःच वाकून काढली आणि हातात घेऊन अनवाणी चालत गेला.

सकाळी घंटी वाजवत सगळे आले. पुढे मेणबत्ती घेतलेली माणसं, मागे पाखाडीतल्या लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या, मधे बिशप, छातीशी डबी धरून. वनमालाने अंगण सारवलं होतं. घरातल्या टेबलावर पांढरं कापड घातलं होतं, रेजिननेच कधीतरी खळ घातलेलं. रेजिनचे केस विंचरून पांढरा रुमाल बांधला होता. आज तिच्या गालांवर थोडा रंग होता. दुमिंग दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, ना आत ना बाहेर.

प्रार्थना झाली. बिशपने डबी उघडली, पवित्र ओस्तीचा, त्या पातळ भाकरीचा, नखाएवढा तुकडा मोडला.

"ख्रिस्ताचे शरीर."

रेजिनचे ओठ हलले. तिने जीभ पुढे केली, तोंड मिटलं, डोळे मिटले. म्हाताऱ्यांनी क्रूस केला. दुमिंग तिच्या गळ्याकडे बघत होता. काळी पडलेली कातडी एकदा वर सरकली, खाली आली. पुन्हा वर सरकली आणि तिथेच अडकली.

तिचे डोळे उघडले. दोन्ही हातांनी तिने तोंड दाबून धरलं, जीव गेला तरी बाहेर येऊ द्यायचं नाही अशी. अंग आचके देऊ लागलं, मान ताठली, चेहरा निळा पडत गेला. "सोड गो, सोड!" वनमाला ओरडली आणि तिचे हात ओढू लागली. मग ते आलं. रक्त, पू, चिकट लाळ, आणि त्यात तो ओला तुकडा, मांडीवरच्या रुमालात पडला. घरभर वास सुटला. एका बाईने नाकाला पदर लावला. मेणबत्ती धरलेला माणूस दोन पावलं मागे सरला.

रेजिनला श्वास आला तसं तिने रुमालात पाहिलं आणि ती रडू लागली. आवाज नव्हता, नुसती छाती हलत होती आणि तोंड वासलेलं. "थुंकले मी," ती म्हणत होती. "देवाला थुंकले."

फादर आंतोन घाईने वाटीत पाणी ओतू लागले. तुकडा पाण्यात विरघळवायचा, ही रीत. पण बिशप गुडघ्यांवर आला होता. त्याने रुमाल दोन्ही हातांत घेतला, त्या लाळेतून, रक्तातून तुकडा दोन बोटांनी उचलला आणि आपल्या तोंडात घातला. गिळला. बोटंही चोखली.

 बाहेर कोंबड्या माती उकरत होत्या तेवढाच आवाज.

"रडू नका," बिशप म्हणाला.  "तुमचा घास मी घेतला. चूक माझी. मी विचारायला हवे होते."

"खोटं बोलले मी," रेजिन म्हणाली. "नाय तर तुम्ही आला नसता."

"आलो असतो." त्याने तिचं तोंड रुमालाच्या कोरड्या टोकाने पुसलं. "उद्या इथेच मिस्सा करू. द्राक्षारसाचा एक थेंब देईन. थेंब जाईल."

दुमिंग चौकटीपाशी उभा होता.  तिच्या थुंकीच्या ज्या कापडाकडे बघून त्याला स्वतःला, तिच्या नवऱ्याला, कालपर्यंत मळमळायचं, जे तो काठीने उचलून विहिरीवर न्यायचा, त्यातलं त्या परक्या म्हाताऱ्याने खाल्लं होतं. तो वळला आणि अंगणातून बाहेर पडला. शेताकडे जायची वाट डावीकडे होती. तो उजवीकडे गेला.

इनासचं घर आता पक्कं होतं, मोझॅकच्या लाद्यांचं. तो जेवायला बसला होता, डाव्या हातात चमचा धरून. बोंबलाचा काटा काढायला जमत नव्हतं म्हणून त्याची बायको लुर्दीन शेजारी बसून काढून देत होती. दुमिंगला पायरीवर बघून ती उठली आणि दारात आडवी उभी राहिली.

"आत यायचं नाय. लाद्या पुसल्यात."

"मी इथेच आहे, वहिनी."

इनास आतून म्हणाला, "कशाला आलास?"

दुमिंगला वाटलं होतं, शब्द आपोआप येतील. आले नाहीत. "मला माफ कर," तो पुटपुटला.

"मोठ्याने बोल. त्या दिवशी शिव्या मोठ्याने दिल्यास ना? सगळ्या पाखाडीने ऐकल्या."

शेजारच्या ओट्यावर माणसं येऊन उभी राहिली होती. दुमिंगने पायरीखालच्या मातीत गुडघे टेकले. "मला माफ कर, इनास! मी तुझा हात तोडला. मला माफ कर!"

इनास दाराशी आला. त्याचा उजवा हात कोपरापासून लोंबत होता, बोटं काठीसारखी ताठ. "बिशपने शिकवून पाठवलंय. रेजिन चालली म्हणून आलास. ती धडधाकट असती तर आला असतास?"

खोटं बोलता आलं असतं. बाहेर एवढी माणसं ऐकत होती.

"नसतो आलो," दुमिंग म्हणाला.

 "ऐकलं मी," इनास म्हणाला. "जा आता." आणि दार लावून घेतलं.

त्या संध्याकाळी दुमिंग देवळामागच्या पायरीवर बिशपला भेटला. "गेलो होतो. त्याने दार लावलं."

"तुम्ही गेलात."

"मी खालमानेने गेलो, पण आत राग तसाच आहे. माझं भात मेलंय. मी काय करू त्या रागाला?"

"मलाही कळत नाही," बिशप म्हणाला. "तो घेऊनच या. बसा इथे."

तिथेच पायरीवर बसून दुमिंगने कुमसार केला. बिशपने त्याच्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा तो हात जड आणि तापलेला होता. म्हाताऱ्याला ताप होता. त्याने तो कुणाला सांगितला नव्हता.

सकाळच्या मिस्साला घरात रेजिनखेरीज चारच माणसं होती: बिशप, फादर, दुमिंग आणि दाराशी वनमाला. ती हिंदू, पण पदर डोक्यावर घेऊन हात जोडून उभी. दुमिंग रेजिनच्या बाजूला बसला, तिची पाठ आपल्या छातीवर घेऊन. पाठीचे मणके त्याला टोचत होते. बिशपने चमचा रसात बुडवला, झटकला, आणि चमच्याच्या टोकाला राहिलेला थेंब तिच्या जिभेवर टेकवला.

दुमिंगने तिच्या गळ्यावर हात ठेवला. त्याच्या हाताखाली तिचा गळा एकदा वर गेला. खाली आला. काही झालं नाही. खोकला नाही, आचका नाही. ती तशीच राहिली. मग तिने मान थोडी वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि भुवई उडवली, लग्नाच्या नव्या दिवसांत उडवायची तशी: बघ, आता तू.

बिशपने ओस्ती समोर धरली. दुमिंगचं तोंड कोरडं पडलं होतं. ओस्ती टाळूला चिकटली, उतरेना. अर्ध्या वाटेत अडकलेला तो घास त्याने जिभेने ढकलत ढकलत खाली नेला, आणि रेजिनला रोज काय होत असेल ते त्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं. तो तिच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. तिचा हात त्याच्या केसांतून फिरला, आणि काही वेळाने थांबला.

ती दुपारी गेली. वनमाला आणि दोघी म्हाताऱ्यांनी तिला अंघोळ घातली, लग्नातलं लुगडं नेसवलं. दुसऱ्या दिवशी देवळाशेजारी पुरलं. लुर्दीन आली, कबरीवर मूठभर माती टाकून गेली. इनास आला नाही.

माणसं पांगल्यावर दुमिंग शेतावर गेला. ओहोटीने पाणी उतरलं होतं. भात पिवळं पडून आडवं झालं होतं, आणि वाळलेल्या चिखलावर मिठाची पांढरी साय धरली होती. आगेऱ्याला लोंब्या भाजीवाल्याकडून आणणार असं कुणीतरी बोललं होतं. घरी जावंसं वाटेना. तो बांधावरून तसाच देवळात आला.

आराधना चालू होती, म्हणजे वेदीवर सोनेरी किरणांच्या पात्रात ओस्ती ठेवलेली होती, मेणबत्त्या जळत होत्या आणि बाकांवर कुणी नव्हतं. पुढे गुडघे टेकून एकटा बिशप. दुमिंग जाऊन त्याच्या शेजारी टेकला. बघतो तर म्हातारा बाकाच्या फळीवर कपाळ टेकून झोपलेला. घोरणं अगदी बारीक, तापातल्या माणसाचं. दुमिंगला त्याला उठवावंसं वाटलं नाही. पण कुणीतरी जागं असायला हवं होतं. तो वेदीकडे बघत राहिला. प्रार्थना आठवेना. रेजिन, एवढंच तो मनात म्हणत राहिला, रेजिन, रेजिन.

मागच्या दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. कुणीतरी आलं आणि शेवटच्या बाकावर बसलं. बसताना नाकातून जोरात श्वास सोडला, अगदी त्यांचा बाप सोडायचा तसा.  दुमिंगने मागे वळून पाहिलं नाही. उठून गेलाही नाही. मागचा माणूसही गेला नाही.

मेणबत्त्या निम्म्या उतरल्या तेव्हा बिशप दचकून जागा झाला. त्याने आधी वेदीकडे पाहिलं, मग शेजारी.

"मला झोप लागली," तो शरमून म्हणाला. "आपण उठवले का नाही? एकटेच बसला होतात?"

"नाय," दुमिंग म्हणाला. "मागे माझा भाऊ आहे."